मिरीची ओली शेपटी

या, जवळ या. मांडीवर बसा, नाहीतर मांडीला टेकून बसा. गोष्ट छोटी आहे, पण फार पळणारी आहे.

एक होतं घर. घराच्या मागे होतं परस. परसात एक शेवगा. शेवग्याखाली एक वीट. विटेवर मातीचा परळ. परळ म्हणजे पसरट भांडं, ताटलीसारखं. आणि परळात पाणी.

पाणी कोण भरायचं? बकुळ भरायची. बकुळ त्या घरातली मुलगी. रोज सकाळी ती परळ भरायची. मग पायरीवर बसून बघायची. पाखरं यायची. पाणी प्यायची. भुर्रकन उडून जायची.

शेवग्यावर राहायची एक खार. एवढीशी. तिचं नाव मिरी. मिरीला वाटायचं, शेवगा माझा. वीट माझी. परळसुद्धा माझा.

चैत्र आला. ऊन तापलं. लांब जाणारी पाखरं परसात थांबू लागली. थंडीभर ती आपल्याकडे राहिली होती. आता त्यांना घरी जायचं होतं. त्यांचं घर डोंगरापलीकडे. त्याच्याही पलीकडे.

एक दिवस आली भोरडी. अंग गुलाबी. डोकं काळं. डोक्यावर तुरा. तिचा थवा बाहेर चिंचेवर बसला होता. किचकिच, किचकिच. शेवग्याची सावली आखूड झाली, की थवा उडणार होता.

भोरडी परळाच्या काठावर बसली. तिने मान खाली केली.

मिरीने वरून बघितलं.

"माझा परळ," मिरी म्हणाली. आणि मारली उडी.

धप्प.

परळ कलंडला. भळ्ळ. पाणी गेलं. सगळं गेलं. मातीने पिऊन टाकलं. परळ झाला उपडा.

भोरडी उडाली. भिंतीवर जाऊन बसली. तिची चोच उघडीच होती. एक थेंबही ती प्यायली नव्हती. ती मिरीकडे बघत राहिली.

मिरीने मागे बघितलं. अरे देवा. तिची झुबकेदार शेपटी ओलीचिंब झाली होती. शेपटीला चिखल लागला होता. शेपटी सुतळीसारखी बारीक झाली होती.

मिरीच्या पोटात काहीतरी आलं. तिळाएवढं. काय होतं ते? ती होती लाज.

कोणी बघितलं का? बकुळ वेणी घालायला कंगवा आणायला गेली होती. भोरडीशिवाय कोणीच नाही बघितलं. मिरीने शेपटी पोटाखाली दडपली. घट्ट.

"पाणी आणते हं," ती भोरडीला म्हणाली. पण भोरडीकडे बघितलं मात्र नाही.

निघाली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु. शेपटी पोटाशी.

परसाच्या कोपऱ्यात हापसा होता. लोखंडी. उंच. मिरी त्याच्यापाशी गेली.

"हापशा, हापशा, पाणी दे.
भोरडीची तहान जाईना."

हापसा म्हणाला, "परळातलं पाणी कुठं गेलं?"

"सांडलं," मिरी म्हणाली. "असंच."

"देतो की पाणी," हापसा म्हणाला. "पण बकुळ दांडा मारेल, तेव्हा."

निघाली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु. शेपटी पोटाशी.

बकुळ पायरीवर बसली होती. एक वेणी झाली होती. एक राहिली होती.

"बकुळे, बकुळे, हापसा मार.
हापसा पाणी देईना.
भोरडीची तहान जाईना."

"आत्ताच तर मी परळ भरला," बकुळ म्हणाली. "परळातलं पाणी कुठं गेलं?"

मिरीने बकुळचे हात बघितले. इवलेसे हात. दांडा मारून मारून लाल झालेले.

"सांडलं," मिरी म्हणाली. "असंच."

आणि पोटातली लाज शेंगदाण्याएवढी झाली.

"मारते की हापसा," बकुळ म्हणाली. "पण म्हैस दूध देईल, तेव्हा. सकाळपासून दूध नाही. हातात जोर कुठून येणार?"

निघाली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु. शेपटी पोटाशी.

म्हैस गोठ्यात उभी होती. काळी. मोठी. रिकामं तोंड हलवत होती.

"म्हशी, म्हशी, दूध दे.
बकुळ हापसा मारेना.
हापसा पाणी देईना.
भोरडीची तहान जाईना."

म्हैस म्हणाली, "परळातलं पाणी कुठं गेलं?"

"सांडलं," मिरी म्हणाली. "असंच."

म्हशीने नाक पुढं केलं. हुंग हुंग, हुंग हुंग.

"तुझ्या अंगाला ओल्या मातीचा वास येतोय," म्हैस म्हणाली.

"घाम आलाय," मिरी म्हणाली. आणि शेपटी आणखी घट्ट दाबली.

"असेल बाई," म्हैस म्हणाली. "देते की दूध. पण काका घास घालतील, तेव्हा. हिरवा हिरवा घास."

निघाली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु. शेपटी पोटाशी.

काका म्हणजे भिवाकाका. बकुळचे काका. ते गोठ्याच्या दारात बसले होते. म्हशीसाठी दावं वळत होते. दावं म्हणजे गळ्यातली दोरी.

"काका, काका, घास घाला.
म्हैस दूध देईना.
बकुळ हापसा मारेना.
हापसा पाणी देईना.
भोरडीची तहान जाईना."

काका म्हणाले, "परळातलं पाणी कुठं गेलं?"

"सांडलं," मिरी म्हणाली. "असंच."

काकांनी दोरी खाली ठेवली.

"एवढी आखडून का बसलीस, पोरी?"

"थंडी वाजतेय," मिरी म्हणाली.

काकांनी वर उन्हाकडे बघितलं. मग खाली मिरीकडे बघितलं. नुसतं बघितलं.

मिरीचे कान गरम झाले. पोटातली लाज लिंबाएवढी झाली.

"घालतो की घास," काका म्हणाले. "पण विळा कापेल, तेव्हा."

निघाली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु. जाता जाता तिने भिंतीकडे चोरून बघितलं. भोरडी तिथंच होती. चोच उघडी होती. शेवग्याची सावली आखूड होत होती.

विळा गोठ्यातल्या खुंटीला टांगला होता. उंच. खांबावर चढायला चारही पाय लागतात. मिरी चढली. सरसर, सरसर. पोटाखालची शेपटी सुटली.

टप.

एक थेंब विळ्याच्या मुठीवर पडला. मिरीने शेपटी पटकन ओढून घेतली.

"विळ्या, विळ्या, घास काप.
काका घास घालेनात.
म्हैस दूध देईना.
बकुळ हापसा मारेना.
हापसा पाणी देईना.
भोरडीची तहान जाईना."

"पाऊस आला का?" विळ्याने विचारलं.

"नाही."

"मग माझ्यावर काय पडलं?"

मिरीने तोंड फिरवलं.

"बरं," विळा म्हणाला. "परळातलं पाणी कुठं गेलं?"

"सांडलं," मिरी म्हणाली. "असंच."

हे 'असंच' अगदी हळू आलं. तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

"कापतो की घास," विळा म्हणाला. "पण दगड धार लावेल, तेव्हा. बोथट झालोय मी."

उतरली मिरी. सरसर, सरसर. निघाली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु. शेपटी पोटाशी. पाय दमले. घसा सुकला. तरी निघाली.

धारेचा दगड गोठ्याबाहेर होता. जुना. गुळगुळीत. त्याला जरा कमी ऐकू यायचं. मिरी त्याच्यापुढं उभी राहिली. म्हणा बरं तिच्याबरोबर.

"दगडा, दगडा, धार लाव.
विळा घास कापेना.
काका घास घालेनात.
म्हैस दूध देईना.
बकुळ हापसा मारेना.
हापसा पाणी देईना.
भोरडीची तहान जाईना."

"लावतो की धार," दगड म्हणाला. "पण मला पाणी मिळेल, तेव्हा."

"पाणी?" मिरी म्हणाली. "पाणीच तर नाही. पाण्यासाठीच तर मी पळतेय."

"मग मी तरी काय करू?" दगड म्हणाला. "कोरड्या दगडावर धार लागत नाही. दोन थेंब पुरतील मला. दोनच."

मिरी उभी राहिली.

दोन थेंब कुठं आहेत, ते मिरीला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक आहे ना? पोटाखाली होते. शेपटीत होते. पण शेपटी बाहेर काढली, तर सगळ्यांना दिसणार. सगळ्यांना कळणार.

लाज आता भोपळ्याएवढी झाली. मिरी केवढीशी. भोपळा केवढा. मिरीला श्वास घेता येईना.

बाहेर चिंचेवर पंख वाजले. फडफड, फडफड. थवा निघायला आला.

भिंतीवरच्या भोरडीने थव्याकडे बघितलं. मग उपड्या परळाकडे बघितलं. मग हळूच चोच मिटली. आता पाणी मिळणार नाही, असं तिला वाटलं.

मिरीने ते बघितलं.

तिने शेपटी बाहेर काढली. हळूहळू. ओली. चिखलाची. सुतळीसारखी.

"पाणी मी सांडलं," मिरी म्हणाली.

"काय?" दगड म्हणाला. "मोठ्यानं बोल. ऐकू येत नाही."

मिरीने डोळे मिटले.

"पाणी मी सांडलं."

आता सगळ्यांनी ऐकलं. हापशाने ऐकलं. बकुळने ऐकलं. तिचा वेणी घालणारा हात थांबला. म्हशीचं तोंड हलायचं थांबलं. काकांनी मान वर केली.

मिरीने शेपटी पुढच्या दोन्ही पायांनी धरली. पिळली. टप. टप. टप.

दगड ओला झाला.

काकांनी खुंटीवरचा विळा काढला. मिरीच्या शेजारी बसले.

दगडाने विळ्याला धार लावली. घस्स घस्स, घस्स घस्स.
विळ्याने घास कापला. खस्स खस्स, खस्स खस्स.
काकांनी म्हशीला घास घातला. म्हैस जेवली. कचर कचर, कचर कचर.
म्हशीने दूध दिलं. चुर्र चुर्र, चुर्र चुर्र.
बकुळ दूध प्यायली. गट गट, गट गट. ओठावर पांढरी मिशी आली.
बकुळने हापसा मारला. खटक खट, खटक खट.
हापशाने पाणी दिलं. भळभळ, भळभळ.

कोणीही मिरीला काही म्हणालं नाही. कोणी रागावलं नाही. मिरीला वाटलं, कोणीतरी रागवावं. मग मला रडता तरी येईल.

बकुळने परळ सुलटा केला. चिखल पुसला. परळ विटेवर ठेवला आणि काठोकाठ भरला.

"ये गं भोरडे," बकुळ म्हणाली आणि पायरीवर जाऊन बसली.

भोरडी आली. काठावर बसली. पण प्यायली नाही. इकडं बघितलं. तिकडं बघितलं.

"ती कुठं गेली?" तिने विचारलं. आवाज अगदी बारीक होता. "ती, उडी मारणारी?"

मिरी शेवग्याच्या मागे होती. नुसती एक मिशी बाहेर होती. मग नाक बाहेर आलं. मग डोळे. मग आली सगळी मिरी. शेपटी मातीत ओढत आली.

"मीच मारली उडी," मिरी म्हणाली. "तू येऊ नयेस म्हणून मारली. पाणी असंच नाही सांडलं."

"मला माहीत आहे," भोरडी म्हणाली. "मी समोरच होते."

"मग तू कोणाला सांगितलं का नाहीस?"

"घसा कोरडा होता गं. बोलवत नव्हतं."

मिरीने मान खाली घातली. अगदी मातीला टेकवली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

भोरडीने चोच पाण्यात बुडवली. एकदा प्यायली. मान वर केली. परत प्यायली. मान वर केली. पाणी गळ्यातून खाली गेलं. गुळुक, गुळुक. पोटभर प्यायली. मग परळात उतरली आणि आंघोळ केली. फडफड, फडफड. गुलाबी अंग चमकायला लागलं.

थोडं पाणी उडालं. मिरीच्या नाकावर पडलं. मिरीने ते जिभेने टिपलं.

भोरडीने बघितलं. "तू सकाळपासून पळतेयस. तू पाणी प्यायलीस का?"

मिरीने मान हलवली. नाही.

तिलाही तहान लागली होती. केवढी तरी. पण मागायचं कसं? सांडलं तिनेच होतं.

भोरडी काठावर चढली. बाजूला सरकली. मिरीला जागा झाली.

"ये," भोरडी म्हणाली. "पी."

मिरी प्यायली. लप लप, लप लप. गार पाणी पोटात गेलं. भोपळ्याएवढी लाज बारीक बारीक होत गेली. सगळी गेली का? नाही गेली. एवढीशी राहिली. मिरीने ती राहू दिली.

चिंचेवरून हाका आल्या. किचकिच, किचकिच. सावली शेवग्याच्या बुंध्याशी आली होती.

"निघते," भोरडी म्हणाली.

"लांब जायचंय?" मिरीने विचारलं.

"खूप लांब. तिथं घरटं बांधायचंय."

"वाटेत पाणी मिळेल?"

"बघू. कोणीतरी ठेवलेलं असेल."

भोरडी उडाली. भुर्रकन चिंचेवर गेली. मग अख्खी चिंच उडाल्यासारखी वाटली. काळे ठिपके, गुलाबी ठिपके. वर गेले, वळले, लहान झाले. आणि दिसेनासे झाले.

बकुळने हात हलवला. मिरी बराच वेळ वर बघत होती. मग ती भिंतीवर चढली आणि ओली शेपटी उन्हात पसरून बसली. सगळ्यांच्या समोर. म्हैस बघत होती. काका बघत होते. मिरीचे कान गरम झाले होते, तरी ती बसली.

"वाळेल हं," काका म्हणाले.

मग दुसरा दिवस उजाडला. बकुळने परळ भरला आणि पायरीवर वेण्या घालायला बसली. मिरी काठावर जाऊन बसली.

तेवढ्यात एक पाखरू आलं. पांढरं आणि करडं. लांब शेपटीचं. शेपटी खाली वर, खाली वर. तो होता धोबी पक्षी. त्यालाही लांब जायचं होतं. तो भिंतीवर थांबला. पुढं यावं की नाही, त्याला कळेना. त्याने मिरीकडे बघितलं.

मिरीच्या तोंडात शब्द आला, "माझा..."

तिने तो गिळला. कान पुन्हा गरम झाले.

मिरी बाजूला सरकली. एवढीशी. धोबी आला नाही.

मिरी अजून सरकली. अजून एवढीशी.

धोबी आला. शेपटी खाली वर, खाली वर. मिरीच्या शेजारी बसला आणि पाणी प्यायला.

पाखरू प्यायलं, खार प्यायली, बकुळची दुसरी वेणी झाली, आणि आपलीही गोष्ट झाली.